लाल कोटातून निळ्या कोटात

लष्करातला माणूस पोलिसांचा प्रमुख झाला म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे आधी कवायत येते आणि मागोमाग बंदूक. १८२९ साली लंडनकरांनाही हीच धास्ती होती. गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी नव्या पोलीस दलावर दोन आयुक्त नेमले. एक तरुण वकील, रिचर्ड मेन. दुसरे कर्नल चार्ल्स रोवन. रोवन मूळचे आयर्लंडचे. बावन्नाव्या पायदळ पलटणीतून लढताना ते स्पेनमधल्या बादाहोसला जखमी झाले, वॉटर्लूला पुन्हा झाले. ‘ऑर्डर ऑफ द बाथ’चा लष्करी सन्मान छातीवर होता.

पण पोलिसांत फौजीपणा शिरू नये म्हणून जपलं ते याच फौजी माणसानं! रोवन यांची पलटण सेनानी सर जॉन मूर यांच्या हाताखाली तयार झालेली. पुढे पांगून लढणाऱ्या शिपायाला मागून हुकूम ऐकू येत नाही, त्यानं स्वतःची अक्कल चालवायची, ही मूर यांची शिकवण. रात्री गल्लीत एकट्यानं फिरणाऱ्या पोलिसाचं दुसरं काय असतं? म्हणून प्रत्येकाला ठरलेलं बीट, म्हणजे गस्तीचा भाग, मिळाला. सैन्याचा कोट लाल, म्हणून यांचा निळा. हाती लाकडी दंडुका. ड्यूटी संपली तरी गणवेश अंगावरच, नाहीतर लोक हेर समजायचे.

दलातल्या दारुड्यांना मात्र दयामाया नव्हती. क्रमांक १ चा शिपाई पहिल्याच दिवशी दारूपायी घरी गेला.

लोकांचा राग सहज निवळला नाही. १८३३ मध्ये लंडनमधल्या कोल्डबाथ फील्ड्सच्या राजकीय सभेत रॉबर्ट कली हा शिपाई भोसकला गेला, आणि मृत्यूच्या चौकशीला बसलेल्या पंचांनी तो खून चक्क समर्थनीय ठरवला! वर त्या पंचांचे सत्कार झाले. एवढं होऊनही शिपायाचं रोजचं हत्यार दंडुकाच राहिलं. मला रोवन यांची खरी बहादुरी वॉटर्लूपेक्षा इथं दिसते.

१८४८ मध्ये ते ‘सर’ झाले, १८५० मध्ये निवृत्त.

आता आपल्याकडचं. मूर यांच्याच हाताखाली लढलेले दुसरे सेनानी, चार्ल्स नेपियर, यांनी १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तिथं पोलीस दल उभारलं. त्यांनी नमुना घेतला तो आयर्लंडच्या सशस्त्र पोलिसांचा, लंडनचा नव्हे. आणि १८५३ मध्ये मुंबई इलाख्यानं पोलिसांची घडी बसवली, ती नेपियर यांच्या सिंधकडे पाहून.