पाठराखीण

आम्ही तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या चौघीजणी आज तुमच्याशी बोलायला आलोय. गटाच्या बैठकीत बसला असाल, नाहीतर चुलीपाशी भाकरी थापत असाल, हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आजचा विषय आमच्या कामातला आहे. कॉलेजात शिकवणारी बाई नोकरीत कायम कशी होते? तिची पारख कशी होते? आणि त्या वाटेवर तिला हात कोण देतं? तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? पण तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या लेकी-सुना आज एम.ए., एम.एस्सी. झाल्यात. उद्या त्या या वाटेला लागतील. वाट आधी ठाऊक असली की ठेच कमी लागते.

तर आधी वाट सांगतो. पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण लागतात, राखीव गटांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. त्यानंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. आपल्याकडची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या नेमणुकीला पीएच.डी. सक्तीची नाही. म्हणजे तेवढ्यासाठी कुणी अडून बसायला नको.

परीक्षा पास झाली म्हणजे नोकरी लागली, असं मात्र नाही. बहुतेक मुली आधी तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास घेतले तितके पैसे. उन्हाळ्याच्या सुटीत हात रिकामे. आमच्यातल्या दोघींनी अशी सहा-सहा वर्षं काढली आहेत.

मग कधीतरी पूर्ण वेळेची जागा मिळते. तिथेही लगेच कायम करत नाहीत. आधी परिवीक्षेचा काळ असतो, ज्याला आपण प्रोबेशन म्हणतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत हा काळ एक वर्षाचा आहे. काम समाधानकारक नसेल तर तो फार तर आणखी एक वर्ष वाढवता येतो. पण तसा लेखी आदेश पहिलं वर्ष संपायच्या आत निघायला हवा. आणि काळ पुरा झाला की कामाची पडताळणी करून ४५ दिवसांत कायम केल्याचा आदेश देणं संस्थेवर बंधनकारक आहे.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात एक नवी मुलगी आली. हुशार, कामाला वाघीण. सात वर्षं तासिकेवर काढून तिला ही जागा मिळाली होती. आम्हाला तिचं कौतुक होतं. ती विचारायची, "ताई, माझं बरं चाललंय ना?" आम्ही म्हणायचो, "छान चाललंय गं, काळजी करू नकोस."

खरं तर आम्हाला दिसत होतं. तिची दैनंदिनी अर्धी कोरी होती. तास ती घ्यायची, पण नोंद करायची नाही. वर्गात पुढच्या दोन बाकांकडे बघून शिकवायची, मागे बसलेल्या एसटीने येणाऱ्या मुली नुसत्या वहीत बघत राहायच्या. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला ती आली नव्हती, कारण घरी दीड वर्षाचं मूल होतं. आम्ही बोललो नाही. वाटलं, बिचारीला कशाला दुखवायचं.

अकराव्या महिन्यात तिच्या हातात कागद पडला. काम समाधानकारक नाही, परिवीक्षा एक वर्ष वाढवली आहे. ती आमच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, मग मला का नाही सांगितलंत?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

मैत्रिणींनो, नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते ना? ती काय करते? नवरीच्या कानात हळूच सांगते, "पदर सावर, अमक्यांच्या पाया पड, इथं असं करतात." चारचौघांत ती नवरीला बोल लावत नाही, पण एकांतात खोटंही सांगत नाही. आम्ही पाठराखीण व्हायला हवं होतं. आम्ही नुसत्या गोड बोलणाऱ्या पाहुण्या झालो.

तुमच्या गटाचंच बघा. बँकेचं कर्ज मिळायच्या आधी गटाची श्रेणी ठरते. त्यासाठी काय बघणार, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून पाठ असतं: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लिहिलेली पुस्तकं. गावातली सीआरपी ताई तुमच्याबरोबर बसून नोंदवही तपासते, "इथं सही राहिली" असं सांगते. श्रेणी देणारे वेगळे असतात. सीआरपी ताईने चुका बघून गप्प बसायचं ठरवलं आणि बँकेचा साहेब आल्यावर तुम्हाला त्या कळल्या, तर? आमच्या कॉलेजात तेच झालं होतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही रीत बदलली. महिन्यातून एकदा आमच्यातली एक तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची. ती आमच्या वर्गात बसायची, म्हणजे तपासणी एकतर्फी राहिली नाही. तास संपल्यावर चहा घेताना दोन गोष्टी चांगल्या आणि एक सुधारायची, एवढंच बोलायचं. हे बोलणं आम्ही चौघीतच ठेवायचो, वरच्या साहेबांच्या कानावर घालायचो नाही. कारण सल्ला देणारीच गुण देऊ लागली की नवी मुलगी आपली अडचण लपवते.

आणि मोजमाप काय ते आम्ही तिच्यासमोर ठेवलं. पदोन्नतीसाठी आयोगाचा जो तक्ता आहे, त्यात नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर 'चांगले', ७० ते ८० च्या मधे 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक'. शिवाय विद्यार्थ्यांचे उपक्रम, परीक्षेचं काम, संशोधन अशांपैकी किमान तीन गोष्टींत भाग घेतला तर त्यातही 'चांगले'. तिने तर जवळजवळ सगळे तास घेतले होते. नव्हती ती फक्त नोंद.

शिबिराचंही जमवलं. तिच्या सासूबाई दोन दिवस मूल घेऊन शिबिराच्या गावी राहिल्या. आधी त्या म्हणायच्या, "दोन तास शिकवतेस, बाकी वेळ काय करतेस?" मग आम्ही त्यांना हिशोब सांगितला. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास वर्गात शिकवायचं असतं, पण एकूण काम ४० तासांचं असतं. वाचन, टाचण, पेपर तपासणं, मुलांना वेळ देणं हे सगळं त्यात आलं. त्यांना पटलं.

बाळंतपणाबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच नियमांत लिहिलंय की पदोन्नतीचं मोजमाप करताना प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, आजारपणाची रजा हा काळ बाजूला काढायचा. हजर असतानाच्या कामाचा दर्जा बघायचा आणि तोच पूर्ण काळाला धरायचा. रजा घेतली म्हणून बाईचं नुकसान होता कामा नये.

दुसरं वर्ष चांगलं गेलं. पण आदेश येईना. दोन महिने झाले. या वेळी ती रडत बसली नाही. ४५ दिवसांचा नियम लिहून तिने साधा अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यानंतर आदेश आला.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. लेक-सून कुठल्याही नोकरीला लागो, पहिल्या आठवड्यात तिला विचारायला सांगा: माझं काम कशावरून ठरवणार? उत्तर लेखी मागा. दुसरं, एक फाइल ठेवा. नेमणुकीचा कागद, रजेचा अर्ज, प्रत्येक पोच त्यात. तिसरं, वर्ष संपायची वाट न बघता दर तीन महिन्यांनी "माझं काय कमी पडतंय?" असं विचारा. आणि चौथं आपल्या सगळ्यांसाठी. गटात नवी बाई आली, अंगणवाडीत नवी मदतनीस आली, तर तिला खरं सांगा. एकांतात सांगा, वेळेवर सांगा, आणि सांगून झाल्यावर तिच्याबरोबर बसा.

ती मुलगी आता कायम आहे. यंदा आमच्या विभागात नवी मुलगी आली, तेव्हा तिच्या वर्गात मागच्या बाकावर पहिल्यांदा कोण जाऊन बसलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

पुढच्या बैठकीत पाच मिनिटं काढा. आपल्या गटातली सगळ्यात नवी बाई कोण, आणि तिची पाठराखीण कोण, हे ठरवा. येतो आम्ही. नमस्कार.