आक्काची गाडी

आज आम्ही बारा जणींच्या वतीनं बोलतोय. आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात, कुंभार्ली घाटाच्या वरच्या अंगाला. आमचा बचत गट जुना आहे. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पोरांच्या फीसाठी, पापडाच्या धंद्यासाठी आम्ही कर्ज दिलंय. पण मोटारगाडीसाठी कर्ज मागायला कधी कुणी आलं नव्हतं. गेल्या वर्षी आमच्यातलीच एक आक्का आली. त्यातून आम्ही जे शिकलो ते आज सांगणार आहोत. गाडी घ्यायची वेळ आज ना उद्या तुमच्याही गटात कुणावर येईल.

आक्काच्या मालकांना, म्हणजे आमच्या दाजींना, डायलिसिस लागलं. आठवड्यातून दोनदा चिपळूणला जायचं. डायलिसिसचा खर्च योजनेतून होतो, पण रस्त्याचा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही. एसटीनं जाता येतं, पण चार तास मशीनवर पडून उठलेल्या माणसाला उभ्यानं घाट चढवून कसं आणायचं? मग जीप भाड्यानं. एका फेरीला दोन हजार, महिन्याला सोळा-सतरा हजार. दोन दुभत्या म्हशींपैकी एक त्यातच गेली.

बैठकीत आक्का म्हणाली, "मला गाडीला कर्ज द्या." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक काकू म्हणाल्या, "गाडी ही चैन आहे. आज हिला दिलं, उद्या सगळ्याच मागतील." त्यांचंही चुकीचं नव्हतं. पण आमच्या सचिव बाईंनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आठ-नऊ महिन्यांचं जीपचं भाडं म्हणजे जवळपास दीड लाख. तेवढंच तर कर्ज हवं होतं. दीड लाख आक्काचे, दुसरी म्हैस आणि थोडं सोनं धरून, आणि दीड लाख गटाचे. तीन लाखांत बसेल अशी जुनी गाडी. ठराव झाला, पण एका अटीवर: गाडी बघायला गटातल्या तिघीजणी बरोबर जाणार, आणि तिघींचं एकमत झाल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

आता आक्काचा पोरगा. वय बावीस, गाड्यांचं भारी वेड. त्यानं तीन गाड्या हेरून ठेवल्या होत्या, तिन्ही छोट्या पण दमदार इंजिनाच्या. आम्ही म्हटलं, "अरे, दवाखान्यात जायला दमदार गाडी कशाला? शर्यत लावायचीय का?" तो म्हणाला, "मावशी, घाट बघा. पाच माणसं बसवून, एसी लावून, पावसात कुंभार्ली चढायचा तर साधी छोटी पेट्रोल गाडी पहिल्या गिअरवर रडत येते. समोर ट्रक असला तर ओलांडता येत नाही."

त्याचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं, पण नंतर पटलं. गाडीच्या ताकदीचे दोन आकडे असतात. एक अश्वशक्ती, दुसरी ओढ. तिला टॉर्क म्हणतात. जात्यावर दळणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. जातं किती वेगानं फिरतंय ही झाली एक गोष्ट. मोठा घास टाकला तरी खुंटा अडत नाही ही झाली ओढ. घाटात ओढ लागते, आणि तीही इंजिन फार न पळवता मिळाली पाहिजे. डिझेल गाडीत ती असते. पेट्रोल गाडीत हवी असेल तर टर्बो लागतो.

पोरग्याच्या तीन गाड्या अशा. पहिली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय: छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर ओढ, गिअर आपोआप पडणारे. दुसरी फोर्ड फिगो, दीड लिटर डिझेल: १०० अश्वशक्ती, २१५ ओढ. तिसरी मारुती स्विफ्ट डिझेल: ७५ अश्वशक्ती, १९० ओढ. पोरग्याचा जीव पोलोत. दुसरी पसंती फिगो. स्विफ्ट त्यानं नुसती यादी भरायला घातली होती.

पोलो एका दलालाकडे होती. लाल रंग, आतून चकचकीत. चालवायला गाडी झकास, यात शंका नाही. काट्यावर फक्त ४८ हजार किलोमीटर. आमच्याबरोबर ओळखीचे मेस्त्री होते. ते काट्याकडे बघेचनात. त्यांनी ब्रेकच्या पायट्याचं रबर बघितलं, गुळगुळीत झिजलेलं. चालकाची बैठक कडेनं बसलेली, स्टिअरिंगवरचं चामडं चकाकत होतं. ते म्हणाले, "सर्व्हिसच्या पावत्या दाखवा." दलाल म्हणाला, हरवल्या. पण बॉनेटखाली ऑइल बदलल्याची एक जुनी चिठ्ठी चिकटलेली होती. तिच्यावर तीन वर्षांपूर्वीचेच ७१ हजार लिहिलेले. म्हणजे काटा मागे फिरवलेला.

मेस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली. ही गाडी चांगली असली तरी तिचा गिअरबॉक्स दोन क्लचचा आणि नाजूक कारभाराचा आहे. बिघडला तर तालुक्याच्या गॅरेजात उघडता येत नाही, मोठ्या शहरात न्यावा लागतो आणि खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. हौसेनं घेणाऱ्याला ते परवडेल. ज्या घरात मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी निघालीच पाहिजे, त्या घराला नाही परवडत.

फिगो बघितली आणि आमचंही मन बसलं. घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाच माणसं घेऊन ती अशी चढली की पोरगा आमच्याकडे बघून नुसता हसला. त्याचं खरं होतं, तिघींतली सगळ्यात जोरकस चढणारी हीच. फोर्डनं २०२१ साली भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे पुढं सुटे भाग मिळायचे का याची चौकशी करावी लागते, एवढाच एक विचार. मालक म्हणाला, "आज वीस हजार इसार द्या, उद्या दुसरा माणूस येतोय."

आक्कानं पिशवीत हात घातलासुद्धा होता. आमच्यातली एक म्हणाली, "थांब. आधी बोजा बघू." जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर बँकेचा बोजा बघतो ना, तसा गाडीच्या आरसीवरही असतो. मोबाइलवर एमपरिवहन नावाचं सरकारी ॲप आहे. त्यात गाडीचा नंबर घातला की नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे का, कर्ज आहे का, हे दिसतं. पोरग्यानं नंबर घातला. कर्जाची नोंद होती. मालक म्हणाला, "कर्ज फिटलंय हो, नुसती नोंद राहिलीय." फिटलं असेल तर बँक ना-हरकत दाखला देते आणि फॉर्म ३५ वर सही करते. ते दोन कागद आरटीओत दिले की बोजा उतरतो. आम्ही म्हटलं, "कागद आणा, पैसे तयार आहेत." पंधरा दिवस वाट बघितली. आधी "देतो देतो" झालं, मग फोन उचलणंच बंद. बोजा न उतरलेली गाडी आपल्या नावावर होत नाही, आणि हप्ते थकले असतील तर बँक ती उचलून नेऊ शकते. ते वीस हजार गेले असते तर गटात आम्ही कुठल्या तोंडानं बसलो असतो?

त्या दोन आठवड्यांत आक्काचे आठ हजार पुन्हा जीपला गेले. ती एकदा रागानं म्हणाली, "तुमच्या कागदांपायी माझी म्हैस संपली." आम्ही ऐकून घेतलं.

मग स्विफ्ट. २०१४ ची, एका निवृत्त गुरुजींची. काट्यावर एक लाख आठ हजार किलोमीटर, पोरग्यानं तोंड वाकडं केलं. पण गुरुजींनी पिशवीभर पावत्या समोर ठेवल्या. प्रत्येक पावतीवरचा आकडा चढत चढत आजच्या काट्याला येऊन मिळत होता. हे इंजिन इतक्या गाड्यांत बसलेलं आहे की कुठलाही मेस्त्री ते डोळे झाकून उघडतो. त्यात टायमिंगला चेन आहे, पट्टा नाही, म्हणजे ठरावीक किलोमीटरनंतर पट्टा बदलायचा खर्च नाही.

तरी तपासणी सगळी केली. सकाळी लवकर गेलो आणि बॉनेटला हात लावून बघितलं, इंजिन गार आहे ना. काही लोक आधीच गरम करून ठेवतात, मग थंडीत सुरू व्हायचा त्रास कळत नाही. सुरू केल्यावर धूर बघितला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थांबणारच नाही असा दाट पांढरा धूर असेल तर पाणी आत शिरत असू शकतं. आमच्या भागात आणखी एक तपासणी फार महत्त्वाची. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला महापूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. म्हणून आम्ही सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ आहे का बघितली, पायाखालची चटई उचलली, सीटच्या पटऱ्यांवर गंज बघितला. सगळं कोरडं आणि स्वच्छ.

शेवटी दाजींना मागच्या सीटवर बसवलं, उतरवलं, पुन्हा बसवलं. सीट थोडी खाली आहे, उठताना हात द्यावा लागतो. पुढच्या सीटवर त्यांना बरं वाटलं. मैत्रिणींनो, ज्याच्यासाठी गाडी घ्यायची त्याला आधी बसवून बघा.

सौदा दोन लाख ७५ हजारांवर तुटला. उरलेले पैसे टायर, क्लच आणि विम्याला ठेवले. पैसे बँकेतून दिले, रोख नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गुरुजींनी १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवलं, आक्कानंही लगेच अर्ज केला. विमाही १४ दिवसांतच तिच्या नावावर करून घेतला. जुन्या मालकाची विम्यातली बोनसची सवलत गाडीबरोबर येत नाही, हे आधी माहीत असू द्या. नाहीतर हप्ता बघून धक्का बसतो. आरसीवर वारस म्हणून मुलाचं नाव लावलं. नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२९ पर्यंत. पुढं पासिंग करून पाच वर्षं वाढवता येते. म्हणून आम्ही कर्ज तीस महिन्यांत फिटेल असं बांधलं.

एक गोष्ट गावाला समजावताना जड गेली. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवता येत नाही. "आक्का, मला पण सोड चिपळूणला, शंभर घे," असं कुणीही म्हणतं. शंभर घेतले आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आमच्या पापडांची पोतीही त्यात जात नाहीत. खासगी गाडीच्या विम्यात धंद्याचा माल बसत नाही, हे एजंटकडून विचारून घेतलं. माल पूर्वीसारखाच टेम्पोनं जातो. शेजारणीला फुकट न्यायला मात्र कुणाची ना नाही.

आता आठ महिने झाले. एका फेरीला साडेचारशे-पाचशेचं डिझेल लागतं. घाटात पोरग्याला एक गोष्ट शिकावी लागली. हे इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या खाली सुस्त राहतं, म्हणून वळणाआधीच दुसऱ्यावर यायचं. चढ संपला की इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर चालू ठेवायचं, म्हणजे टर्बो निवतो. उतरताना दुसऱ्या गिअरवरच उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे घाटात ब्रेक तापवून बसतात.

अधूनमधून पोरगा अजून म्हणतो, "फिगो मिळायला हवी होती." चढावर ट्रकमागे अडकलो की आम्हालाही तसं वाटतं. पण आठ महिन्यांत एकही मंगळवार, एकही शुक्रवार चुकला नाही. कर्जाचे हप्ते वेळेवर येतायत, आणि आता आक्काकडे एक म्हैसही बांधलीय.

गेल्या महिन्यात पोरगा कामाला पुण्याला गेला. आम्हाला काळजी पडली. पण आक्कानं गुपचूप शिकाऊ लायसन्स काढलं होतं, आता पक्कंही मिळालं. मागच्या शुक्रवारी धुक्यात तीच दाजींना घेऊन घाट चढून आली. चैन म्हणणाऱ्या काकू शेजारी बसल्या होत्या. उतरल्यावर म्हणाल्या, "मलाही शिकव."

तुमच्या गटात असा अर्ज आला तर हसू नका. हिशेब मांडा, तिघी बरोबर जा, आणि कागद बघितल्याशिवाय पिशवीत हात घालू देऊ नका.