उतरणीचे पाणी

पाठीवर किती पाणी घ्यायचे, हे किलोमीटरपेक्षा चालण्याच्या तासांवर ठरते. थंडीत माणशी तासाला साधारण अर्धा लिटर पुरते. एप्रिलच्या उन्हात, उघड्या कातळावर, तेच प्रमाण पाऊण ते एक लिटरवर जाते. शिरगावजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर सकाळी जाऊन येणाऱ्याला लिटरभराची बाटली पुष्कळ झाली. मळवलीला लोकलमधून उतरून भाज्यावरून विसापूर आणि गायमुख खिंडीतून लोहगड असा बेत असेल, तर थंडीतही सहा-सात तासांचे तीन-साडेतीन लिटर धरावेत. वाटेत मुक्काम करून खिचडी-चहा शिजवायचा असल्यास माणशी आणखी दोन लिटर.

लिटरभर पाण्याचे वजन एक किलो. साडेपाच किलोंनी खांदे कुरकुरतात आणि निघताना एक बाटली हळूच घरी राहते. नेमकी तीच उतरणीची असते.

पाण्याचा हिशेब पगारासारखा असतो. एक तारखेला हात सैल सुटतो. चढावर दर वळणाला बाटली तोंडाला लागते आणि माथा येईतो पंधरवड्यातच पाकीट रिकामे. जाणते घर भाड्याचे पैसे आधी बाजूला काढते. तसे एकूण पाण्यातले निदान एक-तृतीयांश पाणी वेगळ्या बाटलीत, सॅकच्या तळाशी जावे. गडावरची टाकी म्हणजे वाण्याकडची उधारी: मिळाली तर बरी, पण तिच्या भरवशावर महिन्याचा खर्च आखत नाहीत. विसापुरावर कातळात खोदलेली टाकी पुष्कळ आहेत, पावसाळ्यानंतर भरलेलीही असतात. उन्हाळ्यात मात्र पाणी तळाला जाते, वर हिरवी साय धरते आणि तिच्यात वेफर्सची पाकिटे तरंगतात. ती कोण टाकतो, हे सांगायची गरज नाही. म्हणून पुन्हा तेच: टाके डोळ्यांनी पाहीपर्यंत हिशेबात धरू नये.

टाक्यातले पाणी घ्यावेच लागले, तर साय बाजूला सारून, चारपदरी सुती कापडातून गाळावे. गाळल्याने कचरा जातो, तुरटीने गढूळपणा खाली बसतो; जंतू दोन्हींनी मरत नाहीत. त्यासाठी पाणी खळखळ उकळावे, किंवा क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ, बहुधा अर्धा तास, थांबावे. तहानेने जीव कासावीस झालेला माणूस तेवढा थांबत नाही, हेही परतीची बाटली राखण्याचे एक कारण.

पावसाळ्यात तहान कमी लागल्यासारखी वाटते, पण दमट हवेत घाम वाळत नाही इतकेच. तो येतच असतो. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडते आहे, असे समजावे.

मिठाबद्दल एवढेच. तासन् तास घाम गाळून नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातले मीठ पातळ होते, डोके दुखते, मळमळते. एका बाटलीत लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घालून न्यावे, सोबत भाजलेले खारे शेंगदाणे.