कल्याण ते निर्मल

पूर्वीचा 222 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता 61 झाला. गावोगावी मात्र तो आजही ‘कल्याण-नगर रोड’च! मुरबाड सोडलं की माळशेज घाट लागतो आणि भातखाचरं मागे पडतात. कोकणातून घाटावर यायची ही वाट जुनी. जवळच्याच नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. व्यापारी जुन्नरकडे जायचे, त्यांच्याकडून वसुली व्हायची. टोलनाक्यावर कुरकुरणाऱ्यांनी तो एकदा बघावाच.

घाटमाथ्यावर ओतूर येतं. हंगामात इथे कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या लागतात. आळेफाट्यावर पुणे-नाशिक रस्ता आडवा जातो. अहिल्यानगर ओलांडून पाथर्डी आली की पाऊस रुसल्याच्या खुणा दिसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या बिऱ्हाडांनी भरलेल्या गाड्या इथूनच कारखान्यांकडे निघतात. पुढे माजलगावला सिंदफणेवरचं धरण, पाथरी-मानवतला कापूस, वसमतला हळद. नांदेड, भोकर मागे टाकत हा रस्ता तेलंगणात निर्मलला पोहोचतो.