पाचोळ्यावरील नवे कवक : ओळख आणि वर्गीकरण



वाशिम जिल्ह्यातील सागा-पळसाच्या रानांत उन्हाळ्याच्या तोंडी पानगळ होते आणि मृगाच्या सरी येताच तो पाचोळा कुजू लागतो. असे एखादे ओले पान विद्यार्थ्याने वर्गात आणले आणि त्यावरील काळे ठिपके दाखवून "गुरुजी, हे काय?" असे विचारले, तर "बुरशी" हे उत्तर खोटे ठरणार नाही, परंतु मुलाची जिज्ञासा तेथेच संपेल.

आजवर जगात सुमारे दीड लाख कवकजातींचे वर्णन झाले आहे. एकूण जाती २२ ते ३८ लाख असाव्यात, असा अंदाज हॉक्सवर्थ व ल्यूकिंग या शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडला. अर्थात बहुसंख्य कवके अद्याप अनामिकच आहेत. तथापि, जे आपणांस अपरिचित ते शास्त्रास नवे, असे मात्र नव्हे.

संशोधक मृत पान ओल्या टीपकागदावर, झाकलेल्या काचेच्या ताटलीत ठेवतो. काही दिवसांत कवक बीजाणू धरते. ते बीजाणू पिशवीसारख्या धानीत जन्मतात की तंतूच्या टोकाशी, त्यांचा आकार व रंग कोणता, त्यांत आडपडदे किती, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. मापे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत घेतात. यावरून वंश ठरतो. नंतर त्या वंशातील ज्ञात जातींशी तुलना होते. अलीकडे जनुकीय द्रव्याचीही तुलना करतात. भेद स्थिर आढळला, तरच जाती नवी मानतात.

मग वंश व जाती दर्शविणारे दोन पदांचे नाव देतात आणि ज्यावरून वर्णन केले तो मूळ नमुना जपून ठेवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर यांच्या नावाचा असा कवकसंग्रह आहे. पूर्वी वर्णन लॅटिनमध्ये देणे आवश्यक असे. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही मान्य झाली. १ जानेवारी २०१३ पासून नव्या नावास नोंदणी क्रमांक अनिवार्य आहे. गोवा विद्यापीठातील डॉ. डी. जे. भट यांनी पश्चिम घाटातील पाचोळा तपासून अनेक नवी सूक्ष्म कवके उजेडात आणली, ती याच परिश्रमाने.

खेड्यातील शाळेत हे सर्व साधणार नाही. परंतु त्याची पहिली पायरी साधेल. आवारातील पाचोळा सरसकट पेटवून न देता त्यातील काही पाने काचेच्या बरणीत, ओल्या कागदावर ठेवावीत. बीजाणू श्वासावाटे जाऊ नयेत म्हणून झाकण उघडू नये. मुलांनी बाहेरूनच भिंगाने पाहावे, रोज चित्र काढावे आणि झाडाचे नाव, स्थळ व तारीख लिहावी.

ही नोंद क्षुल्लक समजू नये. कोणत्या झाडाचे पान, कोठे व केव्हा मिळाले, हे ठाऊक नसेल तर उत्तम नमुन्याचेही शास्त्रीय मोल उणावते. नवी जाती हाती येवो न येवो, नीट पाहणे, तुलना करणे आणि खात्री होईपर्यंत निष्कर्ष न काढणे, ही सवय मुलांस त्या बरणीतून लागेल.