पोट भरलंय, मग कमी काय पडतंय?

आजच्या भागाची सुरुवात माझ्या पायांना येणाऱ्या मुंग्यांपासून. गेल्या वर्षी दोन-तीन महिने मी हे अंगावर काढलं. बसून बसून होत असेल, असं वाटायचं. शेवटी रक्त तपासलं, तर बी-१२ खूपच कमी. आई म्हणाली, "अगं, आपल्या घरात खायला काय कमी आहे का?" कमी काहीच नव्हतं. पोळी, भाजी, वरण, भात, सगळं होतं. पण त्यातल्या कशातच बी-१२ नसतं. आणि दूध-दही मी कधीच सोडलं होतं.

आजीच्या काळात जीवनसत्त्व कमी पडलं की ते दिसायचं. 'अ' कमी असलेल्या मुलांना दिवेलागणीला अंधुक दिसायचं. रातांधळेपणा. काही मुलं त्यातून कायमची आंधळी व्हायची. म्हणून १९७० पासून सरकारने मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस द्यायला सुरुवात केली. आज तसं आंधळेपण क्वचितच दिसतं.

मग प्रश्न संपला का? नाही. तो डोळ्यांतून रक्तात जाऊन लपला. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर मुलांचं पोषण सर्वेक्षण झालं. १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये 'अ'ची कमतरता १८ टक्के निघाली. पण झारखंडात ४३ आणि गोव्यात फक्त २! नुसती सरासरी बघितली, तर झारखंडचं ते मूल दिसतच नाही.

आता बी-१२ बघा. लहान मुलांत कमतरता १४ टक्के, १० ते १९ वयात थेट ३१. इथे नकाशाही बदलतो. गुजरातमध्ये प्रमाण जास्त, मासे खाणाऱ्या बंगालमध्ये कमी. म्हणजे इथे गरिबीइतकंच ताटात काय आहे, तेही महत्त्वाचं.

आपल्या पुण्याचंच घ्या. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. जवळपास दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी होतं. पुढे त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिन नीट काम न करण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. ही मधुमेहाकडे जाणारी वाट. म्हणजे आईच्या ताटातली उणीव पुढच्या पिढीपर्यंत जाऊ शकते.

म्हणून एवढंच सांगते. दूध, दही, ताक, अंडी, मासे, यातलं जे तुमच्या घरात चालतं ते रोजच्या खाण्यात ठेवा. यातलं काहीच खात नसाल, तर गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. मुंग्या, सततचा थकवा, विसरभोळेपणा असेल तर रक्त तपासून घ्या. मनाने नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेऊ नका. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

माझ्या मुंग्या गेल्या. पण उशीर केला असता, तर कदाचित गेल्या नसत्या. तुमच्या ग्रुपमध्ये "मला काय होतंय?" म्हणणारं कोणी असेल, तर त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!