शीतगृह आणि मांसाचे मार्दव

१८८२ साली ‘ड्युनेडिन’ हे जहाज गोठविलेले मांस घेऊन न्यूझीलंडहून लंडनला पोहोचले आणि पुढे हा माल त्या देशाच्या निर्यातीचा एक प्रमुख आधार ठरला. परंतु कत्तलीनंतर मांस जितके लवकर थंड करावे तितके उत्तम हा समज, आरोग्याच्या दृष्टीने रास्त असला तरी, मार्दवाच्या दृष्टीने घातक ठरू शकतो, असे तेथीलच लॉकर आणि हॅगयार्ड या संशोधकांनी १९६३ साली गोमांसावरील प्रयोगांतून दाखवून दिले. प्राणी गतप्राण झाला तरी स्नायू तत्काळ निष्क्रिय होत नाही. त्यातील ग्लायकोजेनचे लॅक्टिक आम्ल होत असते आणि शक्तीचा साठा शिल्लक असेतो तो आकुंचन पावू शकतो. अशा अवस्थेत तापमान १० अंश सेल्सिअसखाली उतरले, की तंतूंभोवती कॅल्शियम मोकळे होऊन ते आखडतात, तसेच ताठरतात आणि मग रांधणारा कितीही निष्णात असो, मांस चिवट ते चिवटच.

यावर, थंड होण्यापूर्वीच हा शक्तीचा साठा संपावा म्हणून, धडातून विजेचा प्रवाह सोडून आम्लनिर्मिती त्वरित घडवून आणण्याचा उपाय रूढ झाला. धड मागच्या पायाच्या शिरेऐवजी कटीच्या हाडाला टांगण्याची तजवीज मात्र, माझ्या मते, खर्चाच्या मानाने अधिक शहाणपणाची. तिने मांडीचे व पाठीचे स्नायू ताणलेले राहून मऊ होतात, पण कमरेच्या आतील मूळचाच मऊ स्नायू उलट काहीसा आखडतो.